चव्वेचाळीस नंबरचा हिरवा

१

सकाळी पावणेनऊला बाळाकाका पिलणकरांनी रापणीचा पाट उचलून पडवीच्या उन्हात ठेवला, आणि बारा बायांतली एक परकी निघाली.

पाट दोन हात लांब. त्यावर वाळू. वाळूवर बत्तीस पुरुष रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याचे दोन दोर ओढताहेत आणि मागे बारा बाया डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन मासळीची वाट बघताहेत. माणूस म्हणाल तर बोटाच्या पेराएवढा, हाताने रंगवलेला पुतळा. पण कोण मन लावून ओढतोय आणि कोण नुसता दोर धरून उभा आहे, ते लांबून कळावं. तीस वर्षं मालवाहू बोटीवर खलाशांचा मुकादम, सारंग, म्हणून काढलेल्या माणसाला कामचुकार ओळखता येतो, आणि बाळाकाकांना तो रंगवताही येत होता.

काम बुरोंडीच्या दीपकशेठचं. त्यांच्या आजोबांची रापण होती. नारळी पौर्णिमेला आजोबा रापणीवरच्या सगळ्या बायांना एकाच ताग्यातलं हिरवं लुगडं वाटायचे. त्या लुगड्याचा चार बोटं तुकडा शेठनी पाकिटातून पाठवला होता. अट एकच होती, की बाराही लुगडी त्या तुकड्यासारखी दिसली पाहिजेत. आज चार वाजता ते पाट न्यायला येणार होते.

आणि बारावीचं लुगडं उन्हात चक्क शेवाळी दिसत होतं.

बाळाकाकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग वळून न बघताच म्हणाले, "वेदिका, कपाटाची किल्ली टेबलावर ठेव."

"काका, मी हात लावला नाही हिला."

"दोन वर्षं तुझं एकच तुणतुणं. चव्वेचाळीस नंबर संपत आलाय, दुसऱ्या कंपनीचा बघू. झालं समाधान? रंगवलीस ना वरून? चार वाजेपर्यंत कबूल हो, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

वेदिका तेवीस वर्षांची, काकांची शिकाऊ. महाराष्ट्रात ही कला पोटापाण्यासाठी करणारी माणसं सगळी मिळून एका एसटीत मावतील, आणि ती रोज एकमेकांना फोन करतात. गुरूच्या कामावर चोरून रंग चढवणारी, असं नाव एकदा पडलं की तिच्या हातात पुन्हा कुणी ब्रश देणार नव्हतं.

तिने किल्ली ठेवली. बारावी बाई काड्यापेटीत कापूस घालून निजवली आणि ती रामआळीकडे निघाली.

२

रामआळीतलं 'सावित्री मॅचिंग सेंटर' म्हणजे आठ फूट रुंद दुकान आणि त्यात ब्लाउजपीसच्या सहाशे छटा. सावित्रीबाई तिथे एकतीस वर्षं बसत होत्या. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की त्या दोन ब्लाउजपीस काढायच्या आणि म्हणायच्या, "आत काय बघतेस? पायरीवर चल." आत ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर उन्हात भांडतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. परत आलेल्या गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं.

त्या माणसंही अशीच पायरीवर नेऊन बघायच्या, असं आळीत म्हणत.

"मावशी, हा रंग कुठून आला ते सांगा," वेदिका म्हणाली. "नाहीतर माझं संपलं." आणि तिने सगळं सांगितलं.

सावित्रीबाईंनी काड्यापेटी घेतली, पायरीवर उतरल्या, आत आल्या, पुन्हा उतरल्या. "अगो, ही सून आत गरीब आणि बाहेर खाष्ट. तुझा काय रंग होता पर्यायी म्हणून? दाखव."

वेदिकाने वही काढली. तिच्यात पानापानावर नखाएवढे रंगाचे ठिपके होते. डावीकडे काकांच्या जुन्या इंग्लिश कंपनीचा रंग, उजवीकडे स्पेनचा, जपानचा, पुण्याच्या देशी कंपनीचा. प्रत्येक ठिपका पूर्ण वाळल्यावर उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली बघून पुढे शेरा लिहिलेला: 'सख्खी बहीण', 'चुलत', 'लांबचं नातं', 'आडनाव तेवढं एक'.

सावित्रीबाईंना हसू आलं. मग त्यांनी पुढची दोन पानं न हसता वाचली. पोरगी निळ्याचे सतरा भाऊबंद लावून मोकळी झाली होती. आपल्या सहाशे छटांची अशी वही आपण एकतीस वर्षांत केली नाही, हे त्यांनी मनातल्या मनात स्वतःच्या नावे मांडलं.

"हे नमुन्याचे रंग कुठायत?"

"काकांनी बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाले, फेकून दे. काकू घेऊन गेल्या टाकायला."

"आणि हे काय? 'हिरवा ४४, शिल्लक अठ्ठावीस थेंब'?"

"रापण सुरू केली तेव्हा ड्रॉपरने मोजले होते. एका लुगड्याला चार थेंब लागतात."

सावित्रीबाईंनी वही मिटली. दुकानाच्या शटरला हात घातला.

"मावशी, सोमवारी सकाळी दुकान बंद?"

"बाय माझे, अठ्ठावीस भागिले चार किती होतात, ते चालता चालता सांग मला."

३

मुरुगवाड्यात बाळाकाकांच्या घरी तेव्हा पुतण्या सुजयही होता. तो खेडचा. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ही माणसं छापून काकांना आणून द्यायचा, कोरी, राखाडी. काल संध्याकाळी पुढच्या कामाची खोकी घेऊन तो मुक्कामाला आला होता.

"बाई बदलली असेल तर सुजयरावांनीच," सावित्रीबाई पडवीत टेकता टेकता म्हणाल्या. "कोऱ्या बाया यांच्याकडेच."

"मावशी, येताच हातकड्या?" सुजय हसला. "तेरा छापल्या होत्या. तेरावी ही बघा, खोक्यात कोरी. आणि रंगाचं म्हणाल तर मला ब्रश धरता येत नाही. मी फोनला विचारतो. फोटो काढायचा, अ‍ॅप सांगतं कुठल्या कंपनीचा कुठला नंबर. काकांच्या हिरव्याला त्याने चौऱ्याण्णव टक्के मार्क दिले होते एका जपानी रंगाला."

"आणि दिसायला?"

"चौऱ्याण्णव टक्के पोपट."

वेदिकाला इतक्या ताणातही हसू फुटलं.

"पण एक सांगतो," सुजय आवाज खाली आणून म्हणाला. "काकांची ती बाटली म्हणजे अक्षयपात्र आहे. गणपतीत बघितली, तळाला आली होती. दिवाळीत बघितली, तेवढीच. काल बघितली, तेवढीच."

बाळाकाका आतून आले. पायाला क्रेपबँडेज. पंधरवड्यापूर्वी जेटीवर घोटा मुरगळला होता. सावित्रीबाईंना बघून त्यांच्या कपाळाला बत्तीस पुरुषांतल्या सगळ्यांत रागीट पुरुषाची आठी पडली.

"वकील आणलास वाटतं, वेदिका."

"मॅचिंगवाली हो मी, बाळाभाऊ. वकिलीचा काळा एकच, माझ्याकडे नऊ आहेत. बारावी बाई तुम्ही रंगवली कधी?"

"काल. रविवारी सकाळी. लुगडं, मग काठ, मग कपाटात. टेबलाच्या दिव्याखाली अगदी बरोबर होती."

"रंग कुठला?"

"हा काय प्रश्न झाला?" त्यांनी खिशातून बाटली काढली. होय, खिशातून. अंगठ्याएवढी, लेबल झिजलेलं, ४४ तेवढं वाचता येत होतं. "कंपनीने बंद केला दोन वर्षांपूर्वी. जगात याच्यासारखा हिरवा नाही. ही संपली की माझं काम संपलं, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. दुसऱ्या कंपनीचा थेंब मी शंभर थेंबांत ओळखतो."

"बाटली कायम खिशात?"

"दिवसा खिशात. झोपताना देवघरात." एवढं मोठं शरीर क्षणभर लाजलं. "देवाजवळ म्हणजे... सुरक्षित."

सावित्रीबाईंनी कमरेच्या पिशवीतून कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं आणि बारावी बाई त्याखाली धरून फिरवून फिरवून पाहिली.

"बाळाभाऊ, ही तुमचीच बाई आहे. आणि हिच्यावर कुणी रंग चढवलेला नाही."

४

"काठ बघा," त्या म्हणाल्या.

लुगड्याचा काठ केसाएवढ्या पिवळ्या रेघेचा होता. प्रत्येक बाईच्या टाचेपाशी ती रेघ संपताना किंचित वर वळत होती. बोटीवरचा माणूस दोराला शेवटची गाठ मारताना मनगट वळवतो, तसं. बाळाकाकांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

"हे वळण वेदिकाच्या हाताला नाही, तिने रंगवलेल्या पुरुषांच्या धोतरांच्या काठांवर तिची रेघ सरळ संपलीय. बारावीला वळण आहे. म्हणजे काठ तुमचा. काठ हिरव्याच्या वर बसलाय, कुठे झाकलेला नाही. म्हणजे खालचा हिरवाही तुम्हीच दिलेला, काल सकाळी, या बाटलीतून."

"मग बाटलीतला रंग बिघडला म्हणायचा?"

"रंग बिघडला तर सगळ्या बाया बिघडायला हव्यात. वेदिका, ते अठ्ठावीस भागिले चार."

"सात," वेदिका म्हणाली. आणि मग तिचा चेहराच बदलला. "काका, आठव्या बाईपाशी मी वहीत प्रश्नचिन्ह केलंय. बाटली संपायला हवी होती. मी तुम्हाला बोललेसुद्धा. तुम्ही म्हणालात, हात हलका असला की पुरतं. मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं."

"असेल चुकलं."

"असेल," सावित्रीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "बाळाभाऊ, मग एक खेळ करू. अकरा बाया उन्हात उभ्या आहेत. अकरांत एखादी जरी दुसऱ्या रंगाची असली तर तुम्ही ओळखणार. शंभरात एक थेंब ओळखता. बघा."

बाळाकाका पाटावर वाकले. उन्हात पाहिलं, पाट सावलीत सरकवून पाहिलं, कापडाचा तुकडा एकेकीच्या शेजारी धरला. पाच मिनिटं गेली. मग त्यांनी तिसरीवर बोट ठेवलं. "असलीच तर ही. जरा फिकी."

सावित्रीबाईंनी वेदिकाकडे पाहिलं. वेदिकाने मान खाली घातली, कारण तिसरी बाई तिच्यासमोर, त्या अठ्ठावीस थेंबांतूनच रंगली होती.

"आता माझी पाळी." सावित्रीबाईंनी एकेक बाई चिमटीत उचलून तिरपी केली. गिऱ्हाईक सुती आणि सॅटिन यांत फसलं की त्या अशाच कापड तिरपं करायच्या. पहिल्या सात जणी तिरप्या धरल्या तरी खडूसारख्या कोरड्या राहिल्या. आठवी तिरपी होताच तिच्या खांद्यावरून उजेडाची एक बारीक तिरीप घसरली. नववी तशीच. दहावी, अकरावीही.

"रंगाने सख्ख्या बहिणी. उन्हात, सावलीत, कापडाशेजारी, कुठेही घेऊन जा. फक्त चमक वेगळी. या चौघींचा हिरवा चव्वेचाळीस नंबर नाही, बाळाभाऊ. तुमची बाटली सातव्या बाईला संपली. नंतर कुणीतरी ती भरत आलंय."

बाळाकाका खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्चीने त्यांना धरलं.

"आणि ज्याने कुणी हा रंग जुळवला," सावित्रीबाई पुढे म्हणाल्या, "त्याच्यासमोर मी माझं दुकान ठेवायला तयार आहे. एकतीस वर्षांत मी अशी जोड बघितली नाही."

५

राहता राहिली बारावी. इतका नेमका हात एकदाच का चुकला?

सावित्रीबाईंनी एका तळव्यावर पहिली बाई घेतली, दुसऱ्यावर बारावी, आणि घर फिरायला लागल्या. पडवीत दोघी परक्या. कामाच्या टेबलावर, दिव्याखाली, चुलत बहिणी. बाटलीवर विश्वास असलेल्या माणसाला तेवढं नातं पुरतं. माजघरात, खिडकीपाशी, पुन्हा परक्या.

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, बाजूला भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याचं घर. वर एक पिवळा बल्ब. सावित्रीबाईंनी त्याखाली दोन्ही तळवे जुळवले.

जुळ्या बहिणी. केसाचा फरक नाही.

चुलीपाशी यमुनाबाई कोलंबी सोलत होत्या. बाळाकाकांची बायको, मालगुंडची, चाळीस वर्षं या घरात. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"यमुनावहिनी, रंग इथे जुळवलात."

कोलंबी सोलायची थांबली.

"नेहमी परसात करायचे," यमुनाबाई हळू म्हणाल्या. "उन्हात, फरशीच्या तुकड्यावर. वाळला की बघायचा. ओल्या रंगावर काय भरवसा? पण पंधरा दिवस ह्यांचा पाय. परसाच्या दारात खुर्ची टाकून बसतात, मी तिथे काय करणार? आणि पिवळापण संपला व्हता. दुसऱ्या कंपनीचा घेतला. बल्बाखाली बरोबर दिसला गो, एकदम बरोबर."

त्यांनी मांडणीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत वेदिकाचे टाकून दिलेले सगळे नमुने होते, एकेका बाटलीच्या बुचाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. लहान मुलांच्या औषधाचा एक जुना ड्रॉपर होता.

"देवघरात बाटली ठेवतात. सकाळची पूजा मीच करते."

"पण का, वहिनी?"

"नोकरी सुटली तेव्हा हा माणूस दीड वर्ष खुर्चीत बसून दुर्बिणीने बोटी मोजायचा. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, अजून एक येतेय. मग हे काम सापडलं, आणि बोलायला लागला. भांडायलापण लागला." त्या किंचित हसल्या. "बाटली संपली की संपलं, म्हणतात. म्हणतात ते करतात. मग मी म्हटलं, संपायला नको."

"आणि वेदिका?"

यमुनाबाईंनी पुन्हा कोलंबी हातात घेतली. "मला वाटलं, जेवेपर्यंत राग उतरेल. नेहमी उतरतो."

"तो चार वाजेपर्यंतचा आहे. पोरीचं नाव जातंय. मी बाहेर जाऊन एवढंच सांगू शकते, की भरणारा घरातला आहे. नाव मी घेणार नाय. ते तुम्ही घ्यायचं."

बाहेरून बाळाकाकांचा आवाज आला, बोटीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा. "सावित्रीबाई! कोण तो? समोर आणा त्याला!"

६

सावित्रीबाईंनी पडवीत येऊन हिशेब मांडला, आणि तो मांडताना त्यांना खरोखर मजा येत होती.

"सुजयराव नाहीत. ते फोनवर रंग बघतात आणि पोपट काढतात, शिवाय खेडला राहून रोज देवघरात कसे जाणार? वेदिका नाही. बाटली भरणारी मुलगी थेंबांचा हिशेब लिहून तिथे प्रश्नचिन्ह करत नाही. आणि ती दिव्याखाली एकदाच बघून कधी थांबत नाही, तिच्या वहीत प्रत्येक रंग तीन उजेडांत उभा आहे. बारावीचा रंग फक्त एका उजेडात बघितलेला आहे. आणि तो उजेड..."

"माझ्या स्वयंपाकघरातला," यमुनाबाई दारातून म्हणाल्या. हात पुसायचेही राहिले होते. "मी भरत व्हते बाटली. पोरीला बोलू नका. मला बोला."



बाळाकाकांनी बाटलीचं बूच काढलं. तिच्यातला एक थेंब, ज्याचा ते कुणाला वाससुद्धा घेऊ देत नसत, वहीच्या कोऱ्या पानावर टाकला, बोटाने पसरला आणि उन्हात धरला. वाळला तेव्हा तो बारावीसारखा शेवाळी झाला. मग त्यांनी आठवी बाई उचलली. तिरपी केली. सरळ केली. पुन्हा तिरपी केली. पाच-सहा वेळा.

यमुनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. वेदिकाही.

"तांबूस झाक आहे यात," बाळाकाका शेवटी म्हणाले. "अगदी तळाला. कापडात आहे तशी. माझ्या चव्वेचाळीसातपण नव्हती ती. कुठल्या कंपनीचा तपकिरी घातलास?"

"तपकिरी नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "केशरी. पुण्याचा. सुईच्या टोकाने."

"केशरी!" म्हातारा सारंग उठून उभा राहिला, घोट्यासकट. "हिरव्यात केशरी! वेदिका, ऐकलंस? केशरी!"

वेदिका जागची हलली नाही. "ऐकलं. पण मी उद्यापासून येऊ नये ना?"

सुजयने फोनमध्ये तोंड घातलं. सावित्रीबाईंनी मात्र कुठेच तोंड घातलं नाही, त्या आरामात बघत बसल्या. बाळाकाका माफी कशी मागतात, हे बघायला त्या तिकीट काढूनही आल्या असत्या.

बाळाकाकांनी टेबलावरची किल्ली उचलली. तिच्याकडे नेली, पण तिने हात पुढे केला नाही.

"चूक माझी," ते म्हणाले. "तू तीन उजेडांत बघतेस. मी लेबल बघून तुला चोर म्हटलं. आणि ज्यांना ज्यांना हे काम ठाऊक आहे त्या सगळ्यांना हे मी स्वतः फोन करून सांगेन, कुणी विचारलं नाही तरी."

वेदिकाने किल्ली घेतली. "बारावी परत रंगवायला लागेल. कोण रंगवणार?"

"तू. लुगडं, काठ, सगळं. माझं वळण काढायला जाऊ नकोस, तुझी रेघ सरळ आहे तीच ठेव."

"मग मला प्रमाण हवं. काकू, हिरवा किती थेंब?"

"थेंब बिंब मी मोजत नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "पुरे झालं की कळतं."

"म्हणजे वहीत लिहू काय?"

"लिहिशील कशाला? बघ ना."

बारावीचा शेवाळी उतरवून ती वाळेपर्यंत साडेतीन वाजले. मग यमुनाबाई परसातल्या फरशीचा तुकडा घेऊन पडवीच्या उन्हात बसल्या. बिस्किटांचा डबा शेजारी. स्पेनचा हिरवा पडला, मग जपानचा पिवळा, नेहमीचा. तो जुनाच, बाटली उलटी आपटून निघाला तेवढा. वेदिका प्रत्येक थेंबाला मनात मोजत होती आणि ओठ हलू देत नव्हती. सावित्रीबाई गुडघ्यावर हात ठेवून अशा बघत होत्या, की जणू पायरीवर आज गिऱ्हाईक त्याच आहेत. फरशी घसरू लागली तेव्हा बाळाकाका, पाय लांब करून, जमिनीवर बसले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"हलवू नका," यमुनाबाई म्हणाल्या.

"नाही हलवत."

सुईच्या टोकावर केशरी आला, हिरव्यात बुडाला आणि नाहीसा झाला. पहिलं बोट कोरड्या कागदावर ओढलं, तेव्हा फाटकाशी गाडीचं दार वाजलं. दीपकशेठ. चार वाजायला अजून दहा मिनिटं होती.

सुजय घाईने उठला. "काका, आले! आत बोलावू? पाट दाखवू?"

बाळाकाकांनी फरशीवरची नजर उचलली नाही.

"बसायला सांग अंगणात," ते म्हणाले. "रंग वाळतोय."